रानाचा डबा

आठ वर्षांची असताना मी आजोबांशी कट्टी घेतली होती. चांगली दोन दिवस टिकली ती.

झालं असं. नागपंचमीला आई माहेरी जायची आणि तिच्या पदराला धरून मी आजोळी. सातारा जिल्ह्यातलं गाव, ओढ्याकाठची काळी जमीन. त्या वर्षी घरामागच्या रानात एक पीक उभं होतं, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं. (तिकडे शेताला रान म्हणतात बरं का!) सरळसोट हिरवे दांडे, लांबट पानं आणि शेंड्यांना पिवळीधमक फुलं. वारा आला की सगळं रान एकदम डुलायचं. फुलांवर भुंग्यांची नि फुलपाखरांची नुसती झुंबड. सणाच्या दिवशी झाडाला बांधलेला झोका सोडून मी तिथेच बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी बैल जुंपले. नागपंचमीला आमच्याकडे नांगर धरत नाहीत, म्हणून एक दिवस थांबले होते इतकंच. बेंदूर होऊन पंधरा-वीस दिवस झालेले, बैलांच्या शिंगांवरचा रंग अजून पुरता उतरला नव्हता. आधी त्यांनी एक जड फळी त्या पिकावरून फिरवली. उभं पीक आडवं झालं. मग फळी ज्या दिशेने गेली होती त्याच दिशेने नांगर घातला आणि पानं, दांडे, फुलं, सगळं मातीआड जायला लागलं.

मी बांधावर उभी राहून भोकाड पसरलं. आजोबांनी बैल थांबवले आणि म्हणाले, "आगं, रडतीस कशापायी? ह्ये काय आपल्याला खायाला पेरलं न्हवतं. ह्यो रानाचा डबा हाय. रानाला भूक लागत न्हाई व्हय?"

रानाला भूक? मला काही ते पटलं नाही. कट्टी ती कट्टी.

ते वाक्य किती नेमकं होतं, हे मला फार उशिरा कळलं. त्या डब्यात काय होतं, तो कुणी भरला आणि कुठून भरला, याची गोष्ट इतकी अजब आहे की ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी त्या पिवळ्या फुलांच्या पिकाचं नाव सांगते. ताग. काही गावांत त्यालाच बोरू म्हणतात. आता तुमच्यातलं कुणीतरी लगेच हात वर करील, "पण ताग तर पश्चिम बंगालमध्ये होतो! भूगोलाच्या पुस्तकात आहे. त्याची पोती करतात!" बरोबर आहे. मराठीत एकाच नावाची दोन झाडं आहेत आणि त्यांचं आपसांत काही नातं नाही. पोत्यांचा ताग म्हणजे ज्यूट, तो वेगळा. आजोबांचा ताग हा तूर, मूग, हरभरा यांच्या घराण्यातला, म्हणजे शेंगा लागणाऱ्या झाडांच्या घराण्यातला. गंमत म्हणजे याच्याही दांड्यापासून वाख निघतो आणि दोर वळतात, त्यामुळे नावाचा घोटाळा झाला असेल तर नवल नाही. या तागाच्या शेंगा वाळल्या की आत बिया सुट्या होतात आणि शेंग हलवली की खुळखुळ वाजते. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं क्रोटालारिया, ते वाजवायच्या खुळखुळ्याच्या ग्रीक शब्दावरून. आणि आपल्याकडे रानात उगवणाऱ्या त्याच्या भावंडांना लोक काय म्हणतात? खुळखुळा! ग्रीस कुठे, सातारा कुठे, पण शेंग हलवून पाहणारी पोरं दोन्हीकडे सारखीच. (वाजवा खुशाल, पण बिया तोंडात घालू नका. त्या विषारी असतात.)

आता भुकेकडे येऊ. जमिनीला भूक लागते म्हणजे काय?

ज्वारीचं एक ताट उपटून बघा. एवढं उंच झाड कशापासून बनलं? पुष्कळसं हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आणि पाण्यापासून. पण काही गोष्टी त्याला मातीतूनच घ्याव्या लागतात आणि त्यांत सगळ्यांत जास्त लागतो तो नायट्रोजन. पानांचा हिरवा रंग त्याच्याशिवाय तयार होत नाही. प्रथिनं तर नाहीच नाही. ज्वारी कापून आपण कणसं घरी आणतो, कडबा गुरांना घालतो. म्हणजे जमिनीतला नायट्रोजन आपण गाडीत भरून घेऊन आलो की! दरवर्षी असंच नेत राहिलो आणि परत काहीच दिलं नाही तर पीक पिवळं पडायला लागतं. ही जमिनीची भूक.

तुमच्या अंगातही नायट्रोजन आहे. तुमचं वजन तीस किलो असेल, तर त्यात जवळजवळ एक किलो नुसता नायट्रोजन. तो तुमच्या स्नायूंत आहे, केसांत आहे, नखांत आहे. आणि तो आला कुठून? वरणातून, उसळीतून, भाकरीतून, दुधातून. म्हणजे शेवटी कुठल्यातरी शेतातूनच.

आता या गोष्टीतली खरी गंमत ऐका. जमिनीला नायट्रोजनची भूक लागते आणि तिच्या डोक्यावर नायट्रोजनचा डोंगर उभा असतो! हवेचे शंभर भाग केले तर त्यांतले अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजन. आपल्याला हवा हलकी वाटते, पण ती कित्येक किलोमीटर उंच रचलेली आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी सतरंजी अंगणात अंथरली, तर तिच्यावर उभ्या असलेल्या हवेचं वजन भरतं सुमारे दहा टन. दोन मोठे हत्ती! त्यातला साडेसात टन नायट्रोजन. आजोबांचं ते रान एक एकराचं होतं. त्या एकरावर सुमारे तीस हजार टन नायट्रोजन तरंगत होता, आणि ज्वारीला मात्र पंचवीस-तीस किलोची चणचण.

मग ज्वारी तो हवेतून घेत का नाही? कारण हवेतला नायट्रोजन सुटा फिरत नाही. त्याचे अणू दोन-दोनच्या जोडीने फिरतात आणि ती जोडी तीन पदरांनी घट्ट बांधलेली असते. निरगाठच म्हणा. ती सोडवायची ताकद कुठल्याही झाडात नाही. तुमच्यात नाही, माझ्यात नाही, हत्तीत नाही. आत्ता हे वाचताना तुम्ही नायट्रोजन आत घेताय आणि जसाच्या तसा बाहेर सोडताय.

वीज कडाडते तेव्हा तिच्या भयंकर उष्णतेने काही जोड्या तुटतात. पण त्याने जमिनीचं पोट भरत नाही. माणसानेही ही गाठ सोडवली आहे. फ्रिट्झ हाबर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते करून दाखवलं आणि १९१३ मध्ये त्याचा पहिला मोठा कारखाना जर्मनीत सुरू झाला. युरियाच्या गोणीची गोष्ट तिथून सुरू होते. पण त्यासाठी काय करावं लागतं माहीत आहे? चारशे ते पाचशे अंश तापमान आणि नेहमीच्या हवेच्या दोनशेपट दाब. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर शिट्टी मारतो तेव्हा आतला दाब साधारण दुप्पट असतो. आता दोनशेपटीची कल्पना करा.

आणि हेच काम काही जीव थंडगार, ओल्या मातीत, अंधारात, कसलाही आवाज न करता करतात.

माझी कट्टी सुटली ती त्यांच्यामुळेच. तिसऱ्या दिवशी सकाळी आजोबा रानातून आले ते हातात तागाचं एक झाड घेऊन. बांधाकडेची चार-दोन झाडं नांगरातून सुटली होती, त्यांतलं एक त्यांनी खुरप्याने मातीसकट अलगद काढलं होतं. बादलीत पाणी घेऊन त्यांनी मुळं खळबळून धुतली आणि माझ्यापुढे धरली. मुळांवर जागोजागी बारक्या गाठी लगडल्या होत्या. काही मोहरीएवढ्या, काही मुगाएवढ्या.

"किडलंय?" मी विचारलं. कट्टी असूनही.

आजोबांनी एक गाठ तोडली, नखाने मधोमध चिरली आणि माझ्या तळहातावर ठेवली. आतून ती लालसर गुलाबी होती. गुडघा खरचटल्यावर दिसतो ना, तसा रंग. झाडाच्या मुळात रक्त! मी बघतच राहिले. आजोबा म्हणाले, "लाल हाय म्हंजी काम चालू हाय." त्यांना एवढं माहीत होतं आणि एवढं पुरेसं होतं. शेतात आजही हीच परीक्षा करतात. गाठ आतून लाल किंवा गुलाबी असली तर कामावर, हिरवट किंवा पांढरट असली तर बंद.

त्या गाठीत राहतात रायझोबियम नावाचे जिवाणू. रायझोबियम म्हणजे मुळाशी जगणारा. एका गाठीत ते लाखांनी असतात. त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचा पदार्थ आहे, त्यात थोडं लोखंड असतं आणि थोडं मॉलिब्डेनम. तीनपदरी गाठ सोडवायची हीच ती किल्ली. पण ही किल्ली फार नाजूक. ऑक्सिजन लागला की ती बिघडते. आणि जिवाणूंना श्वास घ्यायला तर ऑक्सिजन हवाच! मग करायचं काय? इथे झाड मदतीला येतं. ते गाठीत एक लाल पदार्थ तयार करतं. तो ऑक्सिजनला धरून ठेवतो आणि जिवाणूंना लागेल तेवढाच, अगदी मोजून, पोचवतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन हेच काम करतं, आणि गाठीतला तो पदार्थ हिमोग्लोबिनचाच नातलग आहे. त्याचं नाव लेगहिमोग्लोबिन. म्हणजे मला रक्त आठवलं ते अगदीच चूक नव्हतं.

हे जिवाणू मुळात शिरतात कसे, तेही बघण्यासारखं आहे. मातीत ते आधीपासून असतातच, सुटेसुटे, उपाशीतापाशी. तागाचं रोप उगवलं की त्याची मुळं मातीत एक खास रसायन सोडतात. आवतणच ते! जिवाणू ते ओळखतात, जवळ सरकतात आणि उलट आपलं रसायन सोडून सांगतात की आम्ही आलो. मग मुळावरचा केसासारखा तंतू स्वतःच वाकतो, जिवाणूंना कवेत घेतो आणि त्यांना आत जायला एक बारीक बोगदा तयार होतो. आत गेल्यावर गाठ वाढायला लागते. पुढे झाड पानांत केलेली साखर खाली पाठवतं आणि जिवाणू नायट्रोजनचं खाद्य वर पाठवतात. दोघांनाही आयुष्यभर पुरेल असा व्यवहार.

प्रत्येक जिवाणू प्रत्येक झाडाचं आवतण ओळखत नाही हं. ताग, मूग, चवळी, भुईमूग यांना चालणारे जिवाणू आपल्या मातीत पुष्कळ असतात. सोयाबीनचे मात्र वेगळे. म्हणून नव्या जमिनीत सोयाबीन पेरताना शेतकरी त्या जिवाणूंचं पाकीट आणतात, गुळाच्या पाण्यात कालवतात, बियाण्याला हलक्या हाताने चोळतात आणि सावलीत वाळवून पेरतात. सावलीतच का? कडक उन्हात जिवाणू मरतील ना!

शेंगांची पिकं जमिनीला बरी असतात, हे माणसाला फार पूर्वी कळलं होतं. थिओफ्रास्टस नावाच्या ग्रीक पंडिताने सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय की मॅसिडोनिया आणि थेसली भागातले शेतकरी घेवड्यासारख्या एका शेंगेचं पीक फुलावर असताना नांगरून टाकतात. माझ्या आजोबांनी केलं तेच! पण असं का होतं, हे कळायला त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षं लागली.

ते शोधून काढलं हेल्‌रीगल आणि विल्‌फार्थ या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी. त्यांचा प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात कुंड्या आणि वाळू यांखेरीज फारसं काही नव्हतं. त्यांनी स्वच्छ वाळूत ओट पेरले आणि वाटाणा पेरला. ओट म्हणजे ज्वारी-गव्हाच्या कुळातलं धान्य. ओटांना जितकं नायट्रोजनचं खत दिलं तितके ते वाढले, नाही दिलं तिथे खुरटले. सरळ हिशोब. वाटाण्याचा मात्र काही मेळच लागेना. खत न घातलेल्या एका कुंडीत तो मरायला टेकलेला, आणि शेजारच्या तशाच कुंडीत टवटवीत! दोघांनी मुळं तपासली. टवटवीत वाटाण्याच्या मुळांवर गाठी होत्या, मरतुकड्याच्या नव्हत्या. मग त्यांनी वाळू तापवून तिच्यातले सगळे जंतू मारले. आता एकाही वाटाण्याला गाठी येईनात. त्याच वाळूत शेतातली माती कालवलेलं थोडं पाणी घातलं, आणि गाठी आल्या, वाटाणा वाढला. ओटांना तेच पाणी दिलं तर काहीही फरक पडला नाही. म्हणजे शेतातल्या मातीत काहीतरी जिवंत आहे, ते वाटाण्याच्या मुळावर गाठी करतं आणि हवेतून नायट्रोजन आणतं. १८८६ मध्ये त्यांनी हे बर्लिनच्या सभेत सांगितलं. दोनच वर्षांनी, १८८८ मध्ये, हॉलंडच्या मार्टिनस बायेरिंकने गाठीतला तो जिवाणू वेगळा काढून दाखवला.

हे सगळं ऐकल्यावर तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. आला नसेल तर यायला हवा. जिवाणू एवढी मेहनत करून नायट्रोजन आणतात, मग त्या पिकाला शेंगा येऊ द्याव्यात, त्या काढून घ्याव्यात आणि उरलेलं गाडावं. फुलं आलेली असताना का गाडायचं?

कारण झाडही आईसारखंच असतं. आपल्याजवळचं सगळं चांगलंचुंगलं ते पिल्लांच्या डब्यात भरतं. बी भरायला लागलं की पानांतला, दांड्यातला नायट्रोजन निघून बियांत जातो. डाळीत एवढी प्रथिनं असतात ती त्यामुळेच. शेंगा घरी नेल्या की बराचसा नायट्रोजनही घरी आला, जमिनीला फार थोडा उरला. फुलावर येतं तेव्हा मात्र झाड भरगच्च हिरवं असतं आणि सगळी पुंजी पानांत असते. ताग पेरल्यावर ही वेळ येते साधारण सहा-सात आठवड्यांनी. आणखी एक कारण आहे. तोवर दांडा कोवळा असतो, नंतर तो इतका चिवट होतो की त्याचे दोर वळतात!

उशिरा गाडायची चूकही मी पाहिली आहे. एका वर्षी श्रावणात पाऊस थांबेचना. रानाला वाफसा येईना. वाफसा हा फार छान शब्द आहे. जमीन चिखलही नाही आणि कोरडीठाकही नाही, हाताळायला अगदी बेताची ओली असते, ती स्थिती म्हणजे वाफसा. तो आल्याशिवाय काळ्या रानात नांगर घालता येत नाही. ताग तोवर उंच झाला, शेंगा धरल्या, दांडे काठ्यांसारखे झाले. तसाच गाडला. त्यावर पेरलेली ज्वारी पहिला महिनाभर पिवळी दिसत होती. झालं काय, की मातीतल्या जिवाणूंना ते राठ दांडे कुजवायला स्वतःसाठीच नायट्रोजन लागला आणि तो त्यांनी ज्वारीच्या ताटातला ओढून घेतला. पुढे परत दिला, पण उशिरा.

कोवळा ताग गाडला की असं होत नाही. कट्टीच्या वर्षी मी गणपतीतही आजोळी गेले होते. कट्टी सुटलेली होती, त्यामुळे रोज रानात चक्कर. खुरप्याने उकरून बघितलं तर पानं केव्हाच नाहीशी झालेली, दांडे काळे, बोटांनी दाबले की पिचणारे. पांढऱ्या बुरशीचे धागे, वळवळणारी गांडुळं, बारीकबारीक किडे, पंगतच बसली होती तिथे. आणि पहिल्या पावसानंतर येतो तो मातीचा वास. तोही मातीतल्या एका जातीच्या जिवाणूंचाच असतो. ही पंगत उठेपर्यंत थांबायचं असतं, तीन-चार आठवडे तरी. घाई करून पेरलं तर कुजण्याच्या गरमागरमीत नवं बी नासतं. आजोबांनी थांबून, वाफसा बघून त्या रानात शाळू पेरला. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी.

किती भरतो हा डबा? एकरी वीस-पंचवीस किलो बी पेरलं आणि पीक चांगलं आलं, तर सहा-आठ टन हिरवा पाला मातीत जातो आणि त्यातून साधारण पंचवीस-तीस किलो नायट्रोजन. त्यातला काही मातीतूनच वर आलेला असतो, पण पुष्कळसा हवेतला, म्हणजे जमिनीला नव्याने मिळालेला. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन असतो वीस किलोच्या आसपास. म्हणजे सव्वा ते दीड गोणी. सेंद्रिय शेतीत कारखान्यातला युरिया चालत नाही, तेव्हा ही सव्वा-दीड गोणी हवेतूनच यायला हवी. आणि गोणीत जे नसतं तेही डब्यात असतं, ते म्हणजे पाला. कुजलेल्या पाल्याने माती भुसभुशीत होते, पाणी धरून ठेवते, गांडुळं टिकतात.

आमच्याकडे यासाठी एक शब्द आहे, बेवड. आधीच्या पिकाने जमिनीत मागे काय ठेवलं, चांगलं की वाईट, ते म्हणजे बेवड. "हरभऱ्याचा बेवड चांगला," असं शेतकरी म्हणतात. शाळेतल्या बाकावर आधीच्या मुलाने काय सोडून ठेवलंय, कागदाचे बोळे की एखादी पेन्सिल, तसंच काहीसं! म्हणून जाणते शेतकरी पिकांची फेरपालट करतात. ज्वारी, गहू, ऊस ही खादाड पिकं. त्यांच्याआधी किंवा नंतर मूग, उडीद, हरभरा, भुईमूग घ्यायचा, आणि मधूनमधून ताग किंवा धैंचा पेरून गाडायचा. याला हिरवळीचं खत म्हणतात. मला विचाराल तर आजोबांचा शब्द जास्त चांगला आहे.

धैंचा हा तागाचा पाणकळ्यातला भाऊ. रानात पाणी साचलं तरी तो तग धरतो. वर्षानुवर्षं जास्त पाणी दिल्याने उसाची कितीतरी रानं खारवट, चोपण झाली आहेत, तिथे शेतकरी मुद्दाम धैंचा पेरतात. त्याचा आफ्रिकेतला, सेनेगलमधला एक नातलग तर आणखी भारी. त्याला मुळांवर गाठी येतातच, शिवाय खोडावरही येतात! पाणथळ जागेत मुळं बुडालेली असली तरी खोडावरचा कारखाना चालू. कोकणात गिरिपुष्प नावाचं झाड बांधावर लावतात. ते मूळचं मेक्सिकोकडचं. त्याच्या फांद्या छाटून पाला भातखाचरात चिखलणीच्या वेळी तुडवतात.

आणि या घराण्यात आणखी कोण कोण आहे, माहीत आहे? मेथी! हो, भाजीची मेथी. बाभूळ, पांगारा, शिरीष. चिंच आणि दसऱ्याला सोनं म्हणून लुटतो तो आपटाही. पण चिंच आणि आपटा यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. एका घरातली असली तरी सगळी भावंडं सारखी नसतात.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. डबा भरायला दीड-दोन महिने रान अडकून पडतं आणि त्याला पाणीही लागतं. आजोबांना ओढ्याचं पाणी होतं, शिवाय ते त्या रानात रब्बीचंच पीक घ्यायचे. माणदेशात किंवा मराठवाड्यात, जिथे पावसाच्या चार सरींवरच वर्षाचं पोट अवलंबून असतं, तिथल्या शेतकऱ्याने रान मोकळं ठेवायचं कसं? ते लोक वेगळ्या वाटा काढतात. कोणी कापसाच्या दोन ओळींत ताग पेरून महिन्याभरात जागच्या जागी गाडतं. कोणी साठ-सत्तर दिवसांचा मूग घेतं, शेंगा तोडून बाकीचं गाडतं. त्यातून जमिनीला कमी मिळतं, पण घरालाही मूग मिळतो. कोणी बांधावर गिरिपुष्प लावतं, म्हणजे रान अडत नाही. माझ्या मते हा कमी भरलेला डबाही रिकाम्या डब्यापेक्षा कितीतरी चांगला.

आता तुमचं काम. एका कुंडीत चवळी किंवा मूग पेरा आणि शेजारच्या कुंडीत ज्वारी. माती बाजारातल्या पिशवीतली नको, शेतातली किंवा बागेतली घ्या, म्हणजे तिच्यात जिवाणू असतील. शेणखत घालू नका. आयतं जेवण मिळालं तर झाड गाठी करायचा आळस करतं! चार-पाच आठवड्यांनी दोन्हींतलं एकेक झाड मातीसकट अलगद काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. बादलीतल्या पाण्यात मुळं धुवा आणि बघा. बोटाने सहज निखळते ती जिवाणूंची गाठ. मूळच जाड झाल्यासारखं दिसलं आणि गाठ निघेना, तर ते सूत्रकृमी नावाच्या बारीक किड्यांचं काम समजा.

उरलेल्या चवळीला फुलं दिसली की झाडं बारीक चिरून त्याच कुंडीच्या मातीत कालवा. ज्वारीच्या कुंडीत काही कालवू नका, तिची झाडं नुसती काढून टाका. दोन्हीकडची माती महिनाभर ओलसर राहू द्या. मग दोन्हींत पालक पेरा.

गाठी किती निघाल्या, आतून कोणत्या रंगाच्या होत्या आणि कुठल्या कुंडीतला पालक जास्त हिरवा झाला, ते तारीख घालून वहीत लिहून ठेवा. चवळीच्या फुलांना कात्री लावताना वाईट वाटेल. मलाही वाटलं होतं.